पानं झडली म्हणून प्राजक्त तोडू नका

एप्रिलमधली गोष्ट. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली आणि त्यांच्या प्राजक्ताकडे बोट दाखवलं. "हे वाळलं बघ गं. माळी म्हणतोय, उद्या मुळापासून काढतो आणि तिथे दुसरं काहीतरी हिरवंगार लावतो." झाडावर खरंच एक पान नव्हतं. फांद्यांच्या टोकांना रुपयाच्या नाण्याएवढी चपटी, तपकिरी फळं तेवढी लटकत होती. मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका फांदीवर नखाने बारीक ओरखडा काढला. वरची राखाडी साल निघाली आणि खाली ओलसर, पोपटी हिरवा रंग दिसला. काकूंनी दुसऱ्या फांदीला स्वतः नख लावून पाहिलं, तिसऱ्या फांदीलाही लावलं, आणि माळ्याला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. त्या वर्षी गणपतीत त्यांच्या अंगणात फुलांचा सडा होता.

प्राजक्त हे पानझडीचं झाड आहे. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे दर उन्हाळ्यात कितीतरी घरांतली चांगली झाडं तोडली जातात. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत कोरड्या, खडकाळ उतारांवर ते आपणहून वाढतं. तिथे पाऊस संपला की जमीन सहा-सात महिने तापत राहते. पानांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानंच टाकून देतं आणि मृगाची वाट पाहतं. आपल्या बागेत आलं तरी त्याचा हा स्वभाव सुटत नाही. माघ-फाल्गुनात पानं पिवळट, मळकट होतात, चैत्रापर्यंत बरीचशी गळतात. रोज पाणी मिळणाऱ्या बागेत किंवा कोकणच्या दमट हवेत थोडीफार टिकतात, देशावर आणि विदर्भात झाड पार उघडं पडतं. दोन्ही प्रकार निरोगीच.

घाबरलेली माणसं अशा वेळी आणखी एक चूक करतात. उघडं झाड पाहून त्याला बादल्या-बादल्या पाणी घालतात, वर खताची मूठ टाकतात. झाड विश्रांतीत असतं, पान नसल्यामुळे त्याला पाणी फारसं लागत नाही. मुळं सतत ओली राहिली की कुजतात, आणि मग ते झाड खरोखरच मरतं. प्राजक्त तहानेने मेलेला मी क्वचित पाहिला आहे. लाडाने मेलेले मात्र पुष्कळ पाहिले.

लावायचा असेल तर आधी जागा नीट निवडा. निम्मं यश जागेवरच ठरतं. प्राजक्ताला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत तो जगतो, उंच जातो, पानं मोठमोठी होतात, पण फुलं चार. इमारतीच्या उत्तरेला, आंब्या-फणसाच्या सावलीत किंवा दोन भिंतींच्या बोळात लावलेला प्राजक्त वर्षानुवर्षं फुलत नाही, आणि घरचे लोक रोपवाटिकेला बोल लावत बसतात. भिंतीपासून पाच-सहा फूट लांब लावा. मोकळं सोडलं तर झाड वीस-पंचवीस फुटांपर्यंत जातं, पण छाटून ठेवलं तर आठ-दहा फुटांचं भरगच्च झुडूप म्हणून छान राहतं. घरच्या अंगणात ते झुडुपासारखंच ठेवावं, कारण सात-आठ फुटांवरून पडलेलं फूल अखंड राहतं.

खाली काय असणार, याचाही विचार आधीच करा. ही फुलं कोणी झाडावरून तोडत नाही, ती खाली पडतात. त्यामुळे खाली स्वच्छ झाडलेली माती, हिरवळ किंवा सारवलेलं अंगण असावं. गाडी उभी राहते तिथे लावू नका. फुलं टायरखाली चिरडतात आणि केशरी देठांचे डाग फरशीवर बसतात. गटाराच्या काठावर लावलेला प्राजक्त पाहिला की मला वाईट वाटतं, सगळी फुलं घाणीत जातात. पहाटे उठल्यावर तुमची पावलं जिकडे वळतात, त्या बाजूला लावा. कुंपणाला खेटून लावलात तर सत्यभामेसारखं होईल. कृष्णाने स्वर्गातून आणलेला पारिजात तिच्या अंगणात, आणि फुलं पडायची रुक्मिणीच्या. तुम्हाला ते चालणार असेल तर खुशाल लावा. शेजारणीला रोज देवपूजेला फुलं मिळतात, यात वाईट काहीच नाही.

कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी साचत नाही, त्यामुळे तिथे प्राजक्ताला काही त्रास होत नाही. शेणखत तेवढं सढळ हाताने घालावं, कारण ती माती अन्न धरून ठेवत नाही. खरी अडचण देशावरच्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात चिकट होते, खड्ड्यात घातलेलं पाणी तळाशी साठून राहतं, आणि आषाढातच रोपाची पानं पिवळी पडायला लागतात. अशा जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, तळाला अर्धा फूट मुरूम किंवा विटांचे तुकडे टाका. वर निघालेली माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू किंवा मुरूम साधारण समान प्रमाणात मिसळून भरा. मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड त्यात मिसळली तर मुळांना किडीचा उपद्रव कमी होतो. खड्डा जमिनीच्या सपाटीवर थांबवू नका. चांगला वीतभर उंचवटा करून त्यावर रोप बसवा, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्यापासून दूर वाहून जाईल. हा खड्डा मे महिन्यात खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा आणि दोन-चार चांगले पाऊस पडल्यावर रोप लावावं. जून-जुलैत लावलेलं रोप हिवाळ्यापर्यंत पक्कं धरतं. जानेवारीनंतर शक्यतो लावू नका, उन्हाळा तोंडावर असतो.

रोप विकत घेताना दोन गोष्टी हाताने पाहा. कोवळी फांदी बोटांत फिरवा, ती गोल नसते, चौकोनी असते. चार कडा स्पष्ट लागतात. पानावरून बोट फिरवा, ते खरखरीत लागतं, पॉलिश कागदासारखं. पूर्वी लाकूड आणि हस्तिदंत घासून गुळगुळीत करायला ही पानं वापरत, इतकी ती खरबरीत असतात. जुन्या ग्रंथांत मराठीत या झाडाला 'खुरासली' असंही नाव दिलेलं आढळतं. पान गुळगुळीत, चकचकीत असेल तर ते रोप प्राजक्ताचं नाही, विकणारा काहीही सांगो. नावाचा घोळ पुस्तकांत आणि तीर्थक्षेत्रीही आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूर गावचा प्रसिद्ध 'पारिजात वृक्ष' हा आपला प्राजक्त नव्हे, ती गोरखचिंच आहे, मूळची आफ्रिकेची. तिच्या बिया आणून प्राजक्त उगवणार नाही.

घरी रोप करायचं असेल तर सगळ्यांत सोपी बी. हिवाळ्याच्या शेवटी चपटी फळं तपकिरी होऊन वाळतात. हातात घेऊन दाबली की मधून दोन फाका होतात, प्रत्येक फाकेत एकच चपटी बी. झाडावर पूर्ण वाळलेली फळंच घ्या, हिरवी तोडून वाळवलेली उगवत नाहीत. बिया कोरड्या कागदात ठेवा आणि मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये पिशवीत अर्धा इंच खोल पेरा. माती ओलसर ठेवायची, चिखल करायचा नाही. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पंधरा दिवसांत कोंब दिसला नाही म्हणून पिशवी उकरून पाहणारे लोक मला माहीत आहेत, तसं करू नका. पाच-सहा पेरल्या तर तीन-चार येतात. बियांच्या रोपाला फुलं यायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

एवढा धीर नसेल तर गुटी कलम करा. आषाढ-श्रावणात अंगठ्याएवढ्या नाही तरी करंगळीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडा. तिच्यावरची इंचभर रुंदीची साल गोलाकार काढा, त्यावर ओलं शेवाळ घट्ट गुंडाळून प्लास्टिकने दोन्ही टोकांना बांधून टाका. दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग खालून कापून कुंडीत लावा आणि पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवा. छाट कलमही होतं, पण प्राजक्तात त्याचा भरवसा कमी. करायचंच तर पावसाळ्यात वीतभर लांबीचे दहा तुकडे एकदम लावा, म्हणजे तीन-चार तरी लागतील. कलमाच्या झाडाला बहुधा पुढच्याच पावसाळ्यात फुलं येतात.

आता छाटणी. बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्राजक्ताची फुलं जुन्या लाकडावर येत नाहीत. पावसाळ्यात जे नवे धुमारे फुटतात त्यांच्या टोकांना आणि पानांच्या बेचक्यांत कळ्यांचे घोस धरतात. म्हणजे जितके नवे धुमारे जास्त, तितकी फुलं जास्त. यातून छाटणीची वेळ आपोआप ठरते. फुलं संपून बिया वाळल्या की, माघाच्या अखेरीस किंवा फाल्गुनात, छाटा. जुलै-ऑगस्टमध्ये 'झाड फार वाढलं' म्हणून कात्री चालवली तर त्या वर्षाच्या कळ्याच कापल्या जातात. एका वर्षी मी गावाला गेले असताना आमच्या सोसायटीत बाग स्वच्छ करण्याच्या उत्साहात कोणी तरी ऐन श्रावणात प्राजक्त खराट्यासारखा भादरून ठेवला. त्या वर्षी नवरात्रात आम्ही फुलं विकत आणली.

कापायचं कसं, तेही पाहा. प्राजक्ताची पानं समोरासमोर जोडीने असतात. पान गळलं तरी फांदीवर त्या जोडीची खूण राहते, आणि दोन्ही बाजूंना बारीक डोळे असतात. अशा जोडीच्या वर बोटभर अंतर ठेवून कापलं की एका फांदीच्या जागी दोन फुटतात. पुढच्या वर्षी त्या दोन कापल्या की चार. तीन-चार वर्षांत झाड छत्रीसारखं गोल आणि दाट होतं. दर वर्षी एकूण वाढीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी काढा, म्हणजे मध्यभागी ऊन जाईल. कात्री धारदार हवी, विळ्याने ओरबाडून काढलेली फांदी चिरते आणि पावसात तिथून कुजते. नवं रोप दोन-अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडून टाका. हे करायला माणसाचा जीव होत नाही, पण न खुडलेलं रोप काठीसारखं सरळ वर जातं आणि फुलं गच्चीवरून पाहायची पाळी येते.

पाण्याचं गणित सोपं आहे. पहिलं वर्षभर रोपाला जपा. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी द्या. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नका. दुसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्या. जमिनीतल्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी पुरतं, पावसाळ्यात काहीच नको. पाऊस मध्येच पंधरा-वीस दिवस दडी मारून बसला आणि कळ्या धरलेल्या असल्या, तर मात्र पाणी द्या, नाही तर कळ्या गळतात.

खत वर्षातून दोनदा. मृगाच्या आधी बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब गोल आळं करून दोन-तीन पाट्या शेणखत, आणि बहर ओसरल्यावर पुन्हा थोडंसं. युरिया घालू नका. त्याने पानं तळहातापेक्षा मोठी, गडद हिरवी होतात, शेजारीपाजारी झाडाचं कौतुक करतात आणि फूल मात्र दिसत नाही.

कुंडीतही प्राजक्त चांगला येतो. गच्चीवर ऊन भरपूर असतं, ते त्याला मानवतं. अठरा-वीस इंचांची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या, खाली चार-पाच मोठी भोकं हवीतच. कुंडीतली माती लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागेल. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं आणि कोरडं लागलं तरच द्यावं. दर दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीत झाड बाहेर काढून कडेची मुळं कापा आणि नवी माती भरा. परदेशात कडक थंडीच्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी प्राजक्त कुंडीतच लावावा. हिमतुषार त्याला सोसत नाही. थंडी सुरू होण्याआधी तो खिडकीपाशी आत घ्यावा. आत पानं गळतील, गळू द्यावीत. पाणी अगदी थोडं द्यावं आणि हवा उबदार झाली की पुन्हा बाहेर न्यावा.

किडीचा त्रास मुख्यतः पावसाळ्यात. केसाळ सुरवंट रातोरात पानांची चाळण करतात आणि दिवसा खोडावर थव्याने चिकटून बसलेले दिसतात. हात लावू नका, अंगाला खाज सुटते. लांब काठीने किंवा जुन्या खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडा. लहान असतानाच निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी केली तर पुढे पसरत नाहीत. फुलं देवाला आणि केसांत जातात, झाडाखाली मुलं बसतात, तेव्हा विषारी औषधं या झाडावर मारूच नयेत. सतत पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडले तर ती पानं गोळा करून लांब टाका आणि झाड आतून मोकळं करा. पाऊस उघडला की नवी पानं स्वच्छ येतात.

फुलं वेचण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यासाठीच तर हे झाड लावायचं. कळ्या तिन्हीसांजेला उमलायला लागतात, रात्री वास दरवळतो आणि पहाटे फुलं गळतात. एक फूल हातात घेऊन पाहा. पाच ते आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळी किंचित वळलेली, त्यामुळे सगळं फूल वाऱ्यावर फिरणाऱ्या भिरभिऱ्यासारखं दिसतं. मध्ये केशरी डोळा, खाली तशीच केशरी नळी. भुईवर पडलेलं फूल देवाला चालत नाही हा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम, पण प्राजक्त त्याला अपवाद. चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहणाऱ्या बायका पहाटे अंधारात झाडाखाली बसलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. माझी आजी रात्री निजण्यापूर्वी झाडाखाली धुतलेलं जुनं धोतर अंथरायची. सकाळी चारी कोपरे धरून ते उचललं की परडीभर फुलं, मातीचा कण नाही. आजही हीच पद्धत मला सर्वांत चांगली वाटते. झाड हलवून फुलं पाडू नका, अर्धवट उमललेल्या कळ्याही पडतात. परडी पसरट घ्या, खोल भांड्यात खालची फुलं दबून तपकिरी होतात. पाणी शिंपडू नका. हार गुंफायचा तर बारीक सुई नळीतून अलगद आरपार जाते, दोऱ्याने गाठ मारायची गरज नाही. नऊ-दहा वाजेपर्यंत ती मलूल होतात, म्हणून पूजा सकाळीच.

देठ वाया घालवू नका. फुलं सुकली की केशरी देठ वेगळे करून सावलीत वाळवा. पाण्यात उकळले की सुंदर पिवळा-केशरी रंग उतरतो. पूर्वी रेशमी वस्त्रं त्यात रंगवत. रंग पक्का नसतो, धुण्यात उतरतो, पण मुलांना राखीचे धागे किंवा कापसाची वस्त्रमाळ रंगवायला द्या, तासभर ती रमतात. पानांचा काढा तापावर आणि सांधेदुखीवर घरोघरी घेतात. ते औषध आहे, कडू आणि तीव्र आहे. किती घ्यायचा, कोणी घ्यायचा, हे वैद्याला विचारूनच ठरवा. गर्भारशी आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका.

या झाडाची गोव्याशी जुनी ओळख आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात याचं वर्णन केलं, त्याला 'दुःखी झाड' म्हटलं आणि सूर्यावर प्रेम करणाऱ्या राजकन्येची इथली कथाही नोंदवली. तिने देहत्याग केला, तिच्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून ते सूर्य उगवण्याआधीच फुलं टाकतं. पुढे 1753 मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव ठेवताना हाच अर्थ कायम ठेवला, आर्बर-ट्रिस्टिस. मला ते नाव पटत नाही. रात्रभर दरवळून पहाटे शेकडो फुलं अंगणात ठेवून जाणाऱ्या झाडाला दुःखी कसं म्हणावं?

तुमच्या आसपास कुठे प्राजक्त असेल तर या फेब्रुवारीत त्याच्या मूठभर बिया मागून आणा आणि जूनमध्ये दोन-तीन पिशव्या जास्तीच्या भरा. एक रोप स्वतःला ठेवा, बाकीची शाळेला, देवळाला, शेजाऱ्यांना द्या. देताना एवढं मात्र जरूर सांगा, की चैत्र-वैशाखात ते उघडं पडेल. कोणी तोडायला निघालं तर आधी सालीला नख लावून पाहा, आणि मृगाचे दोन पाऊस होईपर्यंत थांबा.